मधले ४९ किलोमीटर सोडून अंदमान

परीक्षेचं टाइमटेबल लागायच्या आधी ग्रुपवर ट्रिपचं टाइमटेबल पडतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. गोवा दोनदा झालेलं असतं, कोकण तर घरचंच. मग कुणीतरी अंदमानच्या पॅकेजचा स्क्रीनशॉट टाकतं. पाच रात्री, सहा दिवस. सेल्युलर जेल, हॅवलॉक, नील, स्कूबा. आणि चौथ्या नाहीतर पाचव्या दिवसासमोर एक ओळ असते : ‘बाराटांग, चुनखडीच्या गुहा, पहाटे तीनला प्रस्थान’. पहाटे तीन वाचून अर्धा ग्रुप कुरकुरतो. बाकी त्या ओळीत कुणाला काही खटकत नाही.

आज तुमच्याशी बोलायचंय ते त्या एका ओळीबद्दल. आणि ती खोडूनही अंदमानची रोड ट्रिप कशी होते, त्याबद्दल.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा. अंदमान म्हटलं की आपल्याला पाण्यात विखुरलेले ठिपके आठवतात. पण दक्षिण अंदमान, बाराटांग, मध्य अंदमान आणि उत्तर अंदमान ही चार बेटं एकावर एक अशी खेटून उभी आहेत, की मधल्या खाड्या ओलांडल्या तर रस्ता सलग चालतो. हाच अंदमान ट्रंक रोड, सरकारी भाषेत राष्ट्रीय महामार्ग ४. खाली पोर्ट ब्लेअर, वर दिगलीपूर, मध्ये सुमारे सव्वातीनशे किलोमीटर. (पोर्ट ब्लेअरचं अधिकृत नाव सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम आहे. बोलण्यात अजून जुनंच नाव जास्त येतं, म्हणून मीही तेच वापरतेय.) रोड ट्रिपवाल्यांसाठी हा रस्ता म्हणजे स्वप्न आहे. डावीकडे सदाहरित जंगल, उजवीकडे मध्येच तुकड्या-तुकड्यांनी दिसणारा समुद्र, मध्ये गाडी चढवायची जंगार. आपल्याकडे दाभोळ-धोपाव्याला असते ना, तशीच.

पोर्ट ब्लेअरहून साधारण चाळीसेक किलोमीटरवर जिरकाटांग नावाचं चेकपोस्ट लागतं. तिथे सगळ्या गाड्या थांबतात. फॉर्म भरायचा, ओळखपत्रं दाखवायची आणि ताफा सुटायची वाट बघायची. पहिला ताफा सकाळी सहाला सुटतो, म्हणून ते पहाटे तीनचं प्रस्थान. पुढे-मागे पोलीस, मध्ये गाड्यांची रांग. थांबायचं नाही, ओव्हरटेक करायचं नाही, ताशी चाळीसच्या वर जायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, खिडकीतून काहीही द्यायचं नाही. हे असं मिडल स्ट्रेटच्या खाडीपर्यंत, ४९ किलोमीटर.

कारण ते ४९ किलोमीटर जारवांच्या जंगलातून जातात.

‘जारवा’ हे नाव त्यांनी स्वतःला दिलेलं नाही. ते स्वतःला ‘अंग’ म्हणतात. जारवा हा शेजारच्या दुसऱ्या जमातीच्या भाषेतला शब्द, त्याचा अर्थ परके, अनोळखी. हजारो वर्षं जे या जंगलात शिकार, मासेमारी करत, मध आणि कंदमुळं गोळा करत राहिले, त्यांनाच आपण ‘परके’ या नावाने ओळखतो. २००१ च्या जनगणनेत त्यांची संख्या २४० होती, २०११ मध्ये ३८०. तुमच्या कॉलेजच्या एफवायच्या एका शाखेत याहून जास्त मुलं असतील.

आता तारखांचा क्रम बघा, कारण सगळी गोम त्यात आहे. आदिवासी जमातींच्या संरक्षणाचा नियम आला १९५६ मध्ये. त्याखाली जारवांचं राखीव क्षेत्र जाहीर झालं १९५७ मध्ये. रस्त्याचं काम सुरू झालं त्याच्या बऱ्याच वर्षांनी. म्हणजे आधी ते जंगल कायद्याने त्यांचं म्हणून लिहून दिलं, आणि मग त्याच जंगलातून रस्ता काढला. घराच्या उताऱ्यावर तुमचं नाव चढवायचं आणि वर्षभराने हॉलमधून गल्ली काढायची, असा प्रकार. रस्ता बांधताना जारवांनी बाण मारले, मजूर मेले, काम थांबलं, पुन्हा सुरू झालं. जंगलातल्या बाजूचे किती मेले याची नोंद कुणी ठेवली नाही.

बाहेरच्यांशी जारवांचं वैर बराच काळ टिकलं. मग १९९६ मध्ये कदमतला गावाजवळ पाय मोडलेला एक जारवा मुलगा गावकऱ्यांना सापडला. त्याला पोर्ट ब्लेअरच्या हॉस्पिटलमध्ये नेलं, काही महिने उपचार केले आणि परत जंगलात सोडलं. पुढच्या एक-दोन वर्षांत जारवा दिवसाढवळ्या, हातात धनुष्य न घेता जंगलाबाहेर येऊ लागले. ही गोष्ट गोड वाटते. पण जवळीक वाढली तशी आजारांची वाटही मोकळी झाली. १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली, २००६ मध्ये पुन्हा आली. आपल्याला लहानपणी एक लस टोचून जो विषय संपतो, तो ज्यांच्या रक्ताला माहीतच नाही त्यांच्यासाठी किती मोठा असू शकतो, हे कोविडनंतर तरी आपल्या पिढीला कळायला हरकत नाही.

इथे एक आपल्याकडचा धागा आहे, आणि तो आपल्याला फारसा कुणी सांगत नाही. हा रस्ता बंद व्हावा म्हणून ज्या संस्था कोर्टात गेल्या, त्यांत पोर्ट ब्लेअरच्या ‘सेन’बरोबर पुण्याची ‘कल्पवृक्ष’ आणि मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी होती. शेखर सिंग आयोगाचा अहवाल आला आणि मे २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राखीव क्षेत्रातून जाणारा रस्ता बंद करायचा आदेश दिला.

रस्ता आजही चालू आहे.

जानेवारी २०१२ मध्ये ब्रिटनच्या ‘द ऑब्झर्व्हर’ने एक व्हिडिओ बाहेर काढला. खायला मिळेल या आशेवर जारवा मुलींना पर्यटकांसमोर नाचायला लावलं जातंय, असा. जगभर गदारोळ झाला, ‘ह्यूमन सफारी’ हा शब्द तेव्हा सगळीकडे फिरला. नियम कडक झाले, शिक्षा वाढली. जानेवारी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यटकांना या रस्त्यावर बंदी घातली आणि मार्चमध्ये ती उठलीसुद्धा. आजही तोच ताफा, पोलीस, फॉर्म आणि पहाटे तीनचं प्रस्थान. फोटो काढलात तर आज तुरुंगात जाऊ शकता. पण त्या रस्त्याने जाणं मात्र पूर्णपणे कायदेशीर आहे.

आम्ही पाच जण होतो, तीन मुली, दोन मुलगे. डिग्रीची शेवटची परीक्षा झाल्यावरची ट्रिप. कायदेशीर आहे म्हटल्यावर वाद मिटायला हवा होता, पण तो तिथून सुरू झाला. तुमच्या ग्रुपमध्येही होईल, म्हणून मुद्दे सांगून ठेवते.

एकाचं म्हणणं होतं, नॅशनल हायवे आहे, टॅक्स आपणही भरतो, त्यात एवढं काय? (टॅक्स त्याचे बाबा भरतात, हे लगेच निदर्शनास आणून देण्यात आलं.) दुसरी म्हणाली, आपण काही त्यांना बघायला जात नाही, गुहा बघायला जातोय, खिडकीबाहेर बघायचंच नाही, विषय संपला. हा मुद्दा ऐकायला बरा वाटतो. पण बाराटांगची ट्रिप विकणाऱ्या एजंटशी दोन मिनिटं बोलून बघा. आम्ही तिघांशी बोललो. तिघांनीही गुहांबद्दल आम्ही न विचारता एक वाक्य, आणि जारवांबद्दल आम्ही न विचारता तीन वाक्यं सांगितली. ‘नशीब असेल तर दिसतात’ हे तिघांकडेही होतं. ताडोबात जिप्सीवाला वाघाबद्दल बोलतो ना, सूर तोच. शब्दही जवळपास तेच.

मला स्वतःला पटलेला मुद्दा सगळ्यात साधा होता, तो आमच्यातल्या सर्वांत कमी बोलणाऱ्या मैत्रिणीने मांडला. ती बीडीडी चाळीत वाढली आहे. ती म्हणाली, ‘आमच्याकडे लोक चाळ बघायला यायचे. कॅमेरे घेऊन. वाईट कुणीच नव्हतं, सगळे हसून बोलायचे. पण मी दार लावून घ्यायचे. यांच्याकडे दार पण नाहीये.’

मग आम्ही नकाशा पुन्हा उघडला.

गंमत अशी आहे की त्या ४९ किलोमीटरशिवाय मध्य आणि उत्तर अंदमानला जाता येतं, पहिल्यापासून येतं, फक्त पॅकेजमध्ये ते नसतं. समुद्राने. सरकारी बोटी पोर्ट ब्लेअर आणि हॅवलॉकहून (नवं नाव स्वराज द्वीप) रंगतला जातात, मध्ये लाँग आयलंडला थांबतात. दिगलीपूरहून पोर्ट ब्लेअरला रात्रीची बोट आहे. म्हणजे जायचं पाण्याने, रंगतला उतरायचं, तिथून रस्ता धरायचा, दिगलीपूरपर्यंत जायचं आणि बोटीने परत. रस्त्याचा वरचा अर्धा भाग तुमचा. मधलं जंगल ज्यांचं आहे त्यांचं.

यात सोय कमी आहे, हे आधीच सांगते. बोट रोज असेलच असं नाही. वेळापत्रक हवामानाप्रमाणे बदलतं. तिकिटं लवकर संपतात, कारण ही बोट तिथल्या लोकांची एसटी आहे आणि त्यांचा हक्क आधी. रिकामा एक दिवस हाताशी ठेवल्याशिवाय हा प्लॅन करू नका. परतीचं विमान बोटीच्या दुसऱ्याच दिवशी ठेवणं म्हणजे दिवाळीत कोकण रेल्वेच्या वेटिंग तिकिटावर परीक्षेला निघण्यासारखं आहे. आणि बोट लागणारे कुणी असतील तर गोळी आधी घ्या, नंतर नाही.

हॅवलॉकबद्दल मी काही लिहित नाही. निळं पाणी, पांढरी वाळू, सगळं रीलमध्ये आहे तसंच आहे. स्कूटर भाड्याने मिळते, दोन दिवसांत बेट पालथं घालून होतं. मगरींच्या पाट्या असतील तिथे पाण्यात उतरू नका, त्या शोभेला लावलेल्या नाहीत. खाऱ्या पाण्यातली मगर तिथे खरोखर आहे.

पण रंगत! गावाचं नावच रंगत आहे. हॅवलॉकचे कॅफे आणि परदेशी पर्यटक मागे पडतात आणि बोटीतून उतरताना आजूबाजूला भाजीच्या टोपल्या, कोंबड्या, शाळेतली मुलं आणि एखादा फ्रिज असतो. बाजारात बंगाली ऐकू येतं. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांना सरकारने या बेटांवर जमिनी दिल्या, त्यांची ही तिसरी-चौथी पिढी. शिवाय छोटा नागपूरहून जंगलकामासाठी आणलेल्यांची वस्ती, त्यांना सगळे ‘रांचीवाले’ म्हणतात. तमिळ आहेत, तेलुगू आहेत, केरळचे आहेत. एकमेकांशी सगळे हिंदीत बोलतात, आणि ती हिंदी इतकी मोकळी आहे की आपली मुंबईची हिंदी तिथे अगदीच बिनधास्त खपून जाते.

रंगतला आम्ही एक जीप ठरवली, चालकासकट. पाच जणांत भाडं वाटलं की परवडतं, आणि इथे स्वतः चालवायचा हट्ट धरू नका. रस्ता काही ठिकाणी सुरेख, काही ठिकाणी फक्त नावापुरता. पाऊस पडला की दरड. चालक भैया याच भागात जन्मलेले, पन्नाशीचे. पहिला तासभर गप्प. मग आम्ही बोटीने का आलो हे त्यांनी विचारलं, आम्ही सांगितलं. वाटलं होतं ते खूश होतील. ते खूश झाले नाहीत.

त्यांचं म्हणणं सबंध सांगते, कारण आपण पुण्या-मुंबईत बसून हा भाग सोडून देतो. त्यांच्या लहानपणी संध्याकाळनंतर जंगलाच्या कडेला जायची सोय नव्हती. बाणाने मेलेला माणूस त्यांनी पाहिलाय. त्यांच्या वडिलांना सरकारने जमीन दिली तेव्हा शेजारी कोण राहतं हे कुणी सांगितलं नव्हतं. ‘हमको भी किसीने लाके रखा है यहाँ,’ ते म्हणाले. आणि रस्ता? त्यांच्या आईला अपरात्री त्रास सुरू झाला तेव्हा मोठं हॉस्पिटल पोर्ट ब्लेअरलाच होतं. समुद्र खवळलेला, बोट बंद. त्या रात्री तो रस्ता नसता तर, एवढंच बोलून त्यांनी गिअर बदलला.

आमच्यातला हायवेवाला मित्र लगेच म्हणाला, बघा, मी म्हणत होतो. पण त्याला उत्तर भैयांनीच दिलं. त्यांना रस्ता हवाय तो ॲम्ब्युलन्ससाठी, भाजीच्या ट्रकसाठी, दिगलीपूरच्या एसटीसाठी. पर्यटकांच्या गाड्या रोज सकाळी रांग लावतात त्याच्याशी त्यांचं काही देणंघेणं नाही, उलट ताफ्यात त्यांनाच ताटकळावं लागतं. ‘टूरिस्ट का क्या है, एक गुफा नहीं देखा तो मर जाएगा?’

मी मास कम्युनिकेशनची विद्यार्थिनी आहे. चार वर्षं आम्हाला ‘दोन्ही बाजू’ शिकवतात. इथे दोन बाजू नव्हत्या, तीन होत्या. जंगलातले, गावातले आणि आम्ही. त्यात फक्त आमच्यापुढेच दुसरा मार्ग होता. बोटीचं तिकीट काढून एक दिवस जास्त घालवला की संपलं. आम्हाला तिथून जायची गरज नव्हती, नुसती हौस होती.

असो. गाडी पुढे नेते.

रंगतजवळ धनीनाला नावाची जागा आहे. तिवरांच्या दाट जंगलातून लाकडी पायवाट काढली आहे, चालत जायचं आणि शेवटी एकदम समुद्र उघडतो. ओहोटीच्या वेळी गेलात तर तिवरांची मुळं चिखलातून वर आलेली दिसतात, त्यांच्यामधून खेकडे पळत असतात. २००४ च्या त्सुनामीनंतर तिवरांकडे बघायची नजरच बदलली, असं तिथले लोक सांगतात. त्या २६ डिसेंबरच्या भूकंपात अंदमान-निकोबारची जमीनच कलली. खाली निकोबारच्या टोकाचा इंदिरा पॉइंट चार मीटरहून जास्त खचला, आणि वर उत्तर अंदमानच्या किनाऱ्याचा काही भाग उचलला गेला. जी प्रवाळं पाण्याखाली होती ती उघडी पडून मेली. भूगोलात आपण ‘भूपट्टांची हालचाल’ दोन मार्कांसाठी पाठ करतो, तिथे ती किनाऱ्यावर पडलेली दिसते.

रंगत ते मायाबंदर साधारण सत्तर किलोमीटर. वाटेत सुपारीच्या बागा लागतात. आमच्यातली एक श्रीवर्धनची आहे, तिने गाडी थांबवून शिंपुट कसं लागलंय ते तपासलं आणि ‘आमची रोठा मोठी असते’ असा निकाल दिला. बागवाल्या आजींना मराठी येत नव्हतं, हिला बंगाली येत नव्हतं, तरी दोघी पंधरा मिनिटं सुपारीवर बोलत होत्या. निघताना आजींनी शहाळी दिली. पैसे घेतले नाहीत. खूप आग्रह केला तेव्हा रागावल्या.

मायाबंदरजवळ वेबी नावाचं गाव आहे. हे करेन लोकांचं. ब्रह्मदेशातून १९२५ च्या सुमारास ब्रिटिशांनी जंगलकामासाठी त्यांना इथे आणलं, आणि ते इथलेच झाले. लाकडी घरं, समोर फुलझाडं, रविवारी चर्च. गावात फिरताना आधी विचारा, मग फिरा. आम्ही विचारलं तर एका काकूंनी भात आणि मासे असं साधं जेवण करून घातलं, पोटभर.

मायाबंदरच्या पुढे ऑस्टिन स्ट्रेटवरचा पूल ओलांडला की उत्तर अंदमान. इथून दिगलीपूरपर्यंत भातशेती आहे. होय, भातशेती. डोंगर, खाचरं, बांधावर बगळे. मावळात आल्यासारखं वाटतं, फक्त डोंगराच्या मागे समुद्र आहे. मागे उभा असतो तो सॅडल पीक, ७३२ मीटर, अंदमानातलं सर्वांत उंच शिखर. ट्रेक करता येतो, वनखात्याची परवानगी काढून. सह्याद्रीत फिरणाऱ्यांनी उंचीला हसू नये. आपण समुद्रसपाटीपासून चढायला लागतो आणि हवेत इतका दमटपणा असतो की राजगड त्यापुढे एसीत वाटेल. आणि पहाटेच निघा. घड्याळ आपलंच असलं तरी सूर्य तिथे मुंबईपेक्षा तास-सव्वा तास आधी उगवतो आणि तेवढाच आधी मावळतो. हिवाळ्यात पाच-सव्वापाचला सूर्यास्त. आम्ही पहिल्या दिवशी चार वाजता जेवून ‘जरा पडूया’ म्हणून पडलो आणि उठलो तो रात्रच.

गुहांची हौस असेल तर दिगलीपूरच्या परिसरात आल्फ्रेड केव्हज आहेत. चिखलाचा ज्वालामुखी बघायचा असेल तर श्यामनगरजवळ तोही आहे. बाराटांगला जे बघायला लोक पहाटे तीनला उठतात ते जवळपास सगळं इथे आहे. चुनखडीचे लोंबते खांब बाराटांगला जास्त देखणे आहेत, असं ऐकलं. असतील.

पण दिगलीपूरला येऊन एकच गोष्ट करणार असाल, तर कालीपूरच्या किनाऱ्यावर रात्र काढा. समुद्री कासवांच्या चार जाती इथे अंडी घालायला येतात : ऑलिव्ह रिडले, हिरवं कासव, हॉक्सबिल आणि ते अवाढव्य लेदरबॅक. वेळासला जाऊन आलेल्यांना ऑलिव्ह रिडले ठाऊक असेल. हिवाळा हा त्यांचा हंगाम. वनखात्याचे लोक किनाऱ्यावर गस्त घालतात, अंडी सुरक्षित जागी नेतात. किनाऱ्यावर उतरायच्या आधी त्यांनी सांगितलं : टॉर्च नाही, फ्लॅश नाही, मोबाईल खिशात, कासव दिसलं तर मागे थांबायचं, तिच्या वाटेत यायचं नाही.

आम्ही दहा-बारा जण होतो. इतर दोन ग्रुपही होते. कुणीही वाद घातला नाही. कुणी ‘किनारा सरकारचा आहे’ म्हणालं नाही. तीन तास सगळे अंधारात गप्प बसून होतो. मध्यरात्रीनंतर एक ऑलिव्ह रिडले आली, खड्डा खणला, अंडी घातली, वाळू ओढून ती जागा शरीराने थोपटून सारखी केली आणि निघून गेली. फोटो एकही नाही. हायवेवाला मित्र परतताना म्हणाला, ‘कासवासाठी आपण बरोबर वागतो यार.’ पुढे काही बोलला नाही. कुणीच बोललं नाही.

उत्तरेला आणखी एक गोष्ट आहे, ती दिसत नाही. या बेटांवर एकेकाळी ग्रेट अंदमानी जमातींच्या अनेक भाषा बोलल्या जायच्या. १८५८ मध्ये ब्रिटिशांनी पोर्ट ब्लेअरला कैद्यांची वसाहत वसवली तेव्हा ही माणसं काही हजार होती. मग आले साथीचे रोग, बंदुका, दारू. आज ग्रेट अंदमानी पन्नासच्या आसपास उरलेत. त्यांच्यातली ‘बो’ भाषा बोलणाऱ्या शेवटच्या बाई, बोआ सीनियर, जानेवारी २०१० मध्ये गेल्या. भाषाशास्त्रज्ञ अन्विता अब्बी यांनी त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून ठेवलंय. शेवटच्या काळात बो भाषेत बोलायला त्यांना कुणीच उरलं नव्हतं. आपल्यापैकी बरेच जण तेव्हा शाळेत होते. इतिहासाच्या पुस्तकातली जुनीपुराणी गोष्ट नाही ही. जारवा ज्या वाटेने जाऊ नयेत म्हणून ती सगळी कोर्टकचेरी चालली, ती वाट याच बेटांवर आधी तुडवून झालेली आहे.

खर्चाचं विचाराल, तर सगळ्यात मोठा आकडा विमानाचाच. चेन्नई, कोलकाता, विशाखापट्टणमहून जहाजंही आहेत, चेन्नईहून तीन दिवस लागतात. वेळ असेल आणि पैसे नसतील, म्हणजे आपल्या वयाला जे असतं ते, तर जहाजाचा विचार करा. उत्तर अंदमानात राहणं-खाणं हॅवलॉकच्या मानाने खूपच स्वस्त. रोख पैसे जवळ ठेवा. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल टाकल्यापासून इंटरनेट सुधारलंय, पण रंगतच्या वर गेल्यावर यूपीआयच्या भरवशावर राहू नका. तो गोल-गोल फिरत बसतो आणि मागे रांग वाढते. नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या. आणि भारतीयांना या भागासाठी वेगळं परमिट लागत नाही, पण ओळखपत्र सतत जवळ हवं.

दिगलीपूरच्या एरियल बे धक्क्यावरून आम्ही रात्रीच्या बोटीने परतलो. डेकवर चादर टाकून झोपलो. पहाटे पोर्ट ब्लेअर आलं. शेवटचा दिवस सेल्युलर जेलसाठी राखला होता. सातपैकी तीनच विंग उरल्यात आता. तिथे मात्र सगळीकडे मराठी ऐकू येतं. सावरकरांच्या कोठडीबाहेर रांगेत आमच्यामागे पुण्याकडचं एक कुटुंब होतं. काकांनी चौकशी केली, कुठून आलात, काय काय पाहिलंत. आणि मग, ‘बाराटांग केलंत ना? आम्हाला दोघं दिसले. एक लहान पोरगं पण होतं.’

आम्ही सांगितलं, नाही गेलो.

‘अरेरे,’ काका म्हणाले, ‘मग एवढ्या लांब येऊन काय केलंत?’

चाळीतल्या मैत्रिणीने त्यांना सांगायला सुरुवात केली. रंगतची बोट, भैयांची आई, कालीपूर. रांग हळूहळू सरकत होती. काका ऐकत होते. कोठडीच्या दाराशी पोहोचलो तेव्हा काकूंनी मध्येच विचारलं, ‘ती रात्रीची बोट, तिचं तिकीट कुठे मिळतं गं?’